खेकड्याने मोजलेला डोह

एका खाडीच्या मुखाशी, कांदळाच्या झाडांमध्ये एक डोह होता आणि त्या डोहाच्या तोंडाशी बीळ करून एक खेकडा राहत असे. डोह आणि खाडी यांच्यामध्ये चिखलाचा एक उंबरा होता. भरतीला समुद्राचे पाणी हा उंबरा ओलांडून आत येई, ओहोटीला परत जाई आणि उंबऱ्यामागे डोहापुरते पाणी शिल्लक राही. तिथली एक रीत होती. डोहाच्या तोंडाशी ज्याचे बीळ, त्याला विचारल्याशिवाय कोणी आत वस्ती करायची नाही. विचारायला कोणी आले की खेकडा आपल्या मोठ्या नांगीने काठच्या चिखलात रेघ ओढी आणि म्हणे, "इथपर्यंत तुमची जागा."

खेकडा कष्टाळू होता, प्रामाणिकही होता. त्याच्यात एकच उणे होते. समोर कोणी येऊन उभे राहिले की त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नसे.

त्यातच यंदा त्याला स्वतःची काळजी लागली होती. मुलांनो, खेकडा वाढतो, पण त्याचे कवच वाढत नाही. म्हणून अधूनमधून त्याला जुने कवच टाकावे लागते. नवे कवच कडक होईपर्यंत चार दिवस तो शहाळ्यातल्या खोबऱ्यासारखा मऊ असतो. ते चार दिवस बिळात, स्वच्छ पाण्यात पडून काढले तर तो जगतो. पाणी नासले तर त्याला श्वासासाठी बाहेर यावे लागते, आणि बाहेर बांधावर कोल्हा बसलेला असतो. येत्या अष्टमीच्या सुमाराला आपले कवच उकलणार, हे खेकड्याला सांध्यांच्या ठणक्यावरून कळले होते.

पौर्णिमेला सकाळीच एक पाणमांजर आले. त्याचे पोट खपाटीला गेले होते.

"खेकडेदादा, पलीकडच्या खाडीत मासे उरले नाहीत. इथे राहू द्या. रोज चार मासे मला पुरेत, पाचवा नको."

खेकडा काठाने आडवा चालत निघाला आणि पावले मोजू लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनशे पावले भरली. पाणी चकाकत होते. दोनशे पावलांच्या डोहात चार मासे म्हणजे काहीच नाही, असे त्याला वाटले.

बिळाशेजारच्या दगडावर एक म्हातारे कालव चिकटलेले होते. ते हळूच म्हणाले, "अरे, आज उधाण आहे. आज समुद्रच आत आलाय. भांगाला मोज, मग जागा दे."

पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास मात्र भरती बेताची येते. त्या दिवसांना भांग म्हणतात. भांगाला समुद्राचे पाणी या डोहाच्या उंबऱ्याला नुसते शिवे आणि मागे फिरे.

"आजोबा, भांगाला आठ दिवस आहेत," खेकडा म्हणाला. "दारात आलेल्याला आठ दिवस तिष्ठत ठेवू?"

"ठेव. तिष्ठून कोणी मेलेलं मी अजून पाहिलं नाही."

तेवढ्यात बांधावरून कोल्हा बोलला, "खेकडेराव, जन्मभर एका दगडाला चिकटून राहिलेल्याचं काय ऐकता? मन मोठं ठेवा. आता मी, मला त्या डोहातलं काही म्हणजे काही नको. तरी मलाही वाटतं, द्यावी जागा."

ज्याला काही नको तो खोटे कशाला बोलेल, असा विचार करून खेकड्याने रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी एक बोय मासळी आली. तिच्यामागे पिल्लांची रांगच्या रांग होती. "पिल्लं नखाएवढी आहेत हो दादा," ती म्हणाली. "मुळांमध्ये खेळतील, कुणाला कळणारसुद्धा नाही." खेकड्याने रेघ ओढली. तिसऱ्या दिवशी एक बगळी आली आणि तिच्यापाठोपाठ चाळीस बगळे. "आम्हाला पाण्यातलं टिपूसही नको," बगळी म्हणाली. "वरच्या फांद्यांवर एकेक घरटं बांधू. फांद्याही तुम्ही मोजता की काय?" खेकडा इतका ओशाळला की त्याने रेघसुद्धा ओढली नाही. नुसती नांगी हलवून, बसा म्हणाला.

प्रत्येक वेळी तो दोनशेतून एकेकाचा वाटा वजा करी, आणि प्रत्येक वेळी जागा उरे.

पाचव्या दिवशी पाणमांजर पुन्हा आले. आता ते चांगले गुबगुबीत झाले होते. "दादा, डोहात तीन दगड आहेत. त्यांवरची कालवं पोटाला ओरबाडतात. दोन दगड खरवडून साफ करते. तिसरा राहू दे, तुमचे आजोबा आहेत त्याच्यावर."

खेकड्याने म्हाताऱ्या कालवाकडे पाहिले आणि नजर खाली वळवली. "आजोबा, दोनच म्हणतात."

कालवाने शिंपला थोडा उघडला. ते म्हणाले, "आम्ही दिवसभर पाणी आत घेतो, गाळतो आणि सोडतो. त्याचा आवाज होत नाही, म्हणून ते काम आहे असं कुणाला वाटत नाही. बघ बाबा. रेघ तुझी आहे."

खेकड्याने रेघ ओढली. संध्याकाळपर्यंत दोन दगड गुळगुळीत झाले.

"असा राखणदार दुसऱ्या कुठल्या खाडीत नसेल," कोल्हा म्हणाला आणि बांधावरून दोन पावले खाली येऊन बसला.

मग भरतीचा जोर उतरू लागला. सप्तमीला पाणी उंबऱ्यावरून जेमतेम आत आले. अष्टमीला ते उंबऱ्याला शिवून परत गेले आणि नवमीलाही तसेच झाले. चाळीस बगळ्यांची विष्ठा टपटप डोहात पडत होती, ती वाहून न्यायला पाणी नव्हते. पाणमांजर घसरगुंडी खेळत पाण्यात उतरे आणि तळाचा चिखल वर आणी. गाळायला एकाच दगडावरची कालवे उरली होती. डोह हिरवा पडला, मग काळसर झाला, मग त्याला वास येऊ लागला. बोयीची पिल्ले पाण्यावर तोंडे काढून आ वासू लागली. खेकडा घाईघाईने काठ मोजायला निघाला. ऐंशी पावले भरली. आपलेच चुकले असेल म्हणून त्याने पुन्हा मोजले, तर अठ्ठ्याहत्तर.

"तुमची घाण वरून पडते," पाणमांजर बगळीवर खेकसले. "तिनेच पाणी नासलं."

"आम्ही पाण्याला पायसुद्धा लावत नाही," बगळी म्हणाली. "चिखल कोण ढवळतं? आणि रोजचे चार मासे म्हणता, काल मी सहा मोजले."

"दोन लहान होते."

"ते माझे होते," बोय म्हणाली. "भांडण मागाहून करा. माझ्या पिल्लांना श्वास पुरत नाही."

मग तिघेही खेकड्याकडे वळले. "जागा तुम्हीच दिलीत, दादा," बगळी म्हणाली. "आम्ही काही रेघ ओलांडलेली नाही."

ते खरेच होते. कोणीही आपली रेघ ओलांडली नव्हती. तरी डोह मरत होता.

तेवढ्यात खेकड्याची वेळ भरली. त्याच्या पाठीवर कवच तडकले. ही गोष्ट उद्यावर ढकलता येत नाही. तो कसाबसा बिळात शिरला, जुन्या कवचातून अंग सोडवून मऊ होऊन बाहेर पडला आणि त्याने श्वास घेतला. पण बिळातल्या पाण्यात श्वास उरलाच नव्हता. थोडा वेळ त्याने कळ काढली. मग डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा तो सरपटत उंबऱ्यावर आला.

कोल्हा आधीच तिथे बसलेला होता.

"या," तो म्हणाला. "मला डोहातलं काही नको, हे मी खोटं नव्हतो बोललो. मला बाहेर आलेलं लागतं."

त्याने खेकड्याची मोठी नांगी दातांत धरली. खेकड्याकडे आता एकच उपाय होता. त्याने खांद्यापासून नांगी तोडून दिली. ज्या नांगीने सगळ्या रेघा ओढल्या होत्या, ती कोल्ह्याच्या तोंडात राहिली. कोल्हा ती चघळतोय तोवर खेकडा आडवा आडवा सरपटत तिसऱ्या दगडापाशी पोचला.

"आजोबा, जागा आहे?"

"एकापुरती आहे," कालव म्हणाले. "ये."

दगडाखालच्या फटीत ओंजळभर पाणी होते. उरलेल्या कालवांनी ते गाळून गाळून स्वच्छ ठेवले होते. खेकडा आत शिरला आणि त्याला श्वास मिळाला. कोल्ह्याने फटीत तोंड खुपसले तर कालवांच्या धारदार कडांनी त्याचे नाक कापले. त्याने पुन्हा खुपसले, पुन्हा कापले. तिसऱ्यांदा त्याने तो नाद सोडला आणि तो काठावर उड्या मारून पडलेली बोयीची पिल्ले वेचायला गेला. ती वेचायला त्याला मुळीच कष्ट पडले नाहीत.

चार दिवस खेकडा त्या फटीत होता. तिथून त्याला बाहेरचे सगळे दिसत होते.

पाचव्या दिवशी भरतीने उंबरा ओलांडला आणि डोहात पुन्हा पाणी खेळू लागले. बोयीची निम्मी पिल्ले उरली होती. पाणमांजराच्या बरगड्या परत दिसू लागल्या होत्या. खेकडा बाहेर आला. त्याचे नवे कवच कडक झाले होते. एका बाजूला नांगी नव्हती. त्याने आधी साऱ्या जुन्या रेघा पुसल्या आणि मग लहान नांगीने नव्या ओढायला घेतल्या. त्या वाकड्यातिकड्या येत होत्या.

"डोह अठ्ठ्याहत्तर पावलांचा आहे," तो म्हणाला. "बाकीचं पाणी समुद्राचं. ते येतं आणि जातं, ते मला वाटता येत नाही. घरटी सहा राहतील. बाकीची उंबऱ्याबाहेरच्या झाडांवर बांधा, तिथे भांगालासुद्धा पाणी वाहतं असतं."

"सहाच?" बगळी म्हणाली. "मग चौतिसांनी माझं डोकं खायचं?"

"खाऊ देत. पाणमांजराने भांगाचे दिवस खाडीत मासे धरावेत, उधाण लागलं की डोहात यावं. बोयीताई, पिल्लं आता आहेत तेवढीच आत. आणि दगडांना कोणी हात लावायचा नाही. कालवं पुन्हा धरतील, पण वेळ लागेल."

पाणमांजर थोडे कुरकुरले. पण भांग सगळ्यांनीच पाहिला होता, म्हणून कोणी वाद घातला नाही.

पुढच्या पौर्णिमेला एक पाणकावळा आपला गोतावळा घेऊन आला. डोह काठोकाठ भरून चकाकत होता. "दादा, फार काही नको," तो म्हणाला. "दिवसाला दोन बुड्या मारायच्या आणि पंख वाळवायचे."

बांधावरून कोल्हा म्हणाला, "खेकडेराव, दोनशे पावलं पाणी आहे. मन मोठं ठेवा." त्याच्या नाकावर दोन व्रण होते.

खेकड्याने पाणकावळ्याकडे पाहिले. त्याच्या पिल्लांकडेही पाहिले. त्याला फार अवघडल्यासारखे झाले. तो म्हणाला, "आज नाही. भांगाला या. तेव्हा मी मोजीन आणि जागा निघाली तर रेघ ओढीन."

"म्हणजे आठ दिवस तिष्ठत राहायचं?"

"राहा. तिष्ठून कोणी मेलेलं आमच्या आजोबांनी अजून पाहिलेलं नाही."

दगडावरच्या म्हाताऱ्या कालवाने शिंपला जरासा उघडला आणि मिटला. कोल्हा आणखी थोडा वेळ बसून राहिला. मग तो उठला आणि बांधाबांधाने दुसऱ्या डोहाच्या दिशेने चालू लागला.

तात्पर्य : पाण्यात किती जणांची सोय होईल, हे पाणी सर्वांत जास्त असताना नव्हे तर सर्वांत कमी असताना मोजावे; आणि जागा नसेल तर वेळेवर 'नाही' म्हणावे, कारण सर्वांना 'हो' म्हणणाऱ्याच्या हाती शेवटी कोणालाच द्यायला जागा उरत नाही.