दोरी सापडल्यानंतर

“मग? पुढे?” समोरच्या उंच स्टुलावर बसल्या बसल्याच घैसासबाईंनी विचारलं.

पुढे काय डोंबल! निनादला वाटलं, बाईंना नीट ऐकू आलं नसावं.

आठ महिन्यांच्या बाळाचं पोट त्याच्यासमोर उघडं होतं. दोन दिवस लेकरू हिरवं ओकत होतं, पोट टम्म फुगलेलं. फोटोत नेमकं काही कळेना. आणि आत निघालं ते लाखात एक! जन्माआधीच विरून जायची ती दोरी बेंबीपासून आतड्यापर्यंत तशीच राहून गेली होती, आणि तिच्यात आतड्याचं वेटोळं आवळलं होतं.

“दोरी कापली, मॅडम. आतडं पुन्हा गुलाबी झालं. आता टाके घालतो.”

पठ्ठ्या मनातल्या मनात डॉक्टरांच्या परिषदेत या केसवर करायच्या भाषणाचं पहिलं वाक्यसुद्धा जुळवून बसला होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

बाई कशाबशा उठल्या. सकाळपासूनची ही त्यांची तिसरी शस्त्रक्रिया, पाय सुजून भरलेले. त्यांनी निनादच्या हातातला टाके घालायचा चिमटा काढून घेतला आणि स्वतःजवळ ठेवला.

“बाकीचं आतडं?”

“पण कारण सापडलंय, मॅडम.”

“बाई, बाळ गार पडायला लागलंय,” भूल देणारे पाठारे म्हणाले. “आवरा आता.”

“सिस्टर, कोमट सलाईन द्या.” मग निनादकडे न बघताच, “जठरापासून सुरू कर.”

निनादला राग आला. सगळ्यांसमोर पहिल्या वर्षाच्या पोरासारखं वागवतात म्हणजे काय? तरी त्याने आतडं बोटांत धरलं. वीत वीत पुढे सरकू लागला. निम्म्यावर त्याने जरा घाई केली. बाईंनी त्याच्या मनगटावर बोट ठेवलं.

“मागे जा. तेवढं परत बघ.”

तो मागे गेला. परत बघितलं. पार शेवटापर्यंत गेला.

काहीसुद्धा नव्हतं. सगळं धडधाकट.

“बघा, मॅडम. मी म्हणालोच होतो,” त्याच्याने राहवलं नाही. “दहा मिनिटं फुकट गेली.”

बाईंनी चिमटा त्याच्या हातात परत दिला. दाराबाहेर बाळाची आई टोपडं मुठीत धरून बसली होती. बाईंनी त्या दाराकडे एकदा बघितलं आणि त्या पुन्हा स्टुलावर टेकल्या.

“हं... एका बाळाच्या वेळी मी ती दहा मिनिटं वाचवली होती.”