दोन तिकिटांचं नातं

मस्कतला लेकीचं बाळ पोटात आडवं फिरलं, दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन ठरलं आणि कोल्हापूरची रखमाक्का आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. जावयाने घाईत तिकिटं काढली ती वेगवेगळ्या कंपन्यांची: मुंबईपर्यंत एक, पुढे दुसरं. पहिलं विमान नेमकं उशिरा पोचलं. हातातली एकुलती पिशवी सावरत अक्का मुंबईच्या विमानतळावर मस्कतच्या विमानाच्या काउंटरकडे धावली.

तिथले सरपोतदार साहेब मान वर न करताच म्हणाले, "दोन विमानांत पुरेसं अंतर लागतं. तुमचं विमान उशिरा आलं. बोर्डिंग पास मिळणार नाही."

"मग पुढच्या विमानात बसवा."

"का म्हणून? तिकिटं वेगळी आहेत. त्या विमानाशी आमचं काही नातं नाही. नवीन तिकीट काढा."

अक्का बाजूला झाली, पण हलली नाही. तेवढ्यात ठाण्याचं एक जोडपं टॅक्सीतून उतरून धापा टाकत आलं. साहेबांनी त्यांना मुकाट्याने पास दिले. अक्काला नवल वाटलं.

"अहो, हे माझ्या मागून आले की! यांना कसे पास दिले?"

"काउंटर अजून उघडा आहे, बाई. आणि ते कुठल्या विमानातून आलेले नाहीत."

"मग तुमच्या लेखी मी तरी कुठं आले? त्या विमानाशी नातं नाही म्हणता, मग त्याच्या उशिराचं सुतक कशाला पाळता? मी कोल्हापुरातनं चालत आले समजा आणि द्या पास!"

सगळी रांग खो खो हसली. साहेबांनी एकदा घड्याळाकडे, एकदा अक्काकडे पाहिलं आणि पास छापला.

अक्काने तो जवळजवळ हिसकावलाच, पदर खोचला आणि लेकीकडे धूम ठोकली.