सगुणेची दोण

दांडेबंदरच्या धक्क्यावरून भेकरबेटाला निघणाऱ्या प्रत्येक होडीत आधी गोड्या पाण्याची कळशी चढते, मग माणसं. बेटाच्या माथ्यावर, जांभळाच्या राईत, काळ्या कातळात कोरलेली एक उथळ दोण आहे. लांबीला दोन माणसं निजतील एवढी. काठ अगदी खाली उतरता केलेला, लहान पाडसाचंही तोंड पोचेल असा. ते पाणी तिथे ओतायचं. ओतल्याशिवाय बेटावर कुणी स्वतःच्या तोंडाला पाणी लावायचं नाही, असा इथला रिवाज आहे.

केतकी आणि शार्दूल हे नाशिकचं जोडपं पाठीवर पिशव्या टाकून किनाऱ्याने फिरत फिरत इथे आलं, तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हतं. एका दिवसाचा मुक्काम. सकाळी बंदरातला मासळीचा लिलाव पाहिला, बर्फाच्या कारखान्यांच्या गल्लीतून वाट काढत दुपारी धक्का गाठला आणि बाबल मेथरांची होडी ठरवली. बाबल सत्तरीचे. त्यांनी दोघांच्या पिशव्या होडीत घेतल्या आणि एक रिकामी तांब्याची कळशी केतकीच्या हातात दिली.

"ती तिथल्या विहिरीवर भरून आणा, मग निघू."

"आमच्याकडे पाण्याच्या बाटल्या आहेत, काका," शार्दूल म्हणाला. "आणि चारची बस गाठायची आहे."

"बाटल्या तुमच्यासाठी. ही त्यांच्यासाठी. बस उद्यापण असते."

केतकी हसली आणि विहिरीकडे गेली. होडी खाडीच्या तोंडातून बाहेर पडली, डावीकडे बेटाची हिरवी पाठ दिसू लागली, तेव्हा तिनेच विचारलं, "हे कुणी सुरू केलं?" बाबलांनी इंजिनाचा वेग कमी केला आणि सांगायला लागले. त्यांनी सांगितलं ते असं.

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते कुणी सांगत नाही. दांडेबंदर तेव्हा शहर नव्हतं. पन्नास-साठ गाबित मच्छीमारांची घरं, एक रवळनाथाचं देऊळ आणि बंदरावर वरून नेमलेला एक हवालदार, एवढंच. बेटाला लोक भीत. तिथे पाणी नाही, गेलेला माणूस तहानेने मरतो, असा समज होता.

त्या गावात लखू तांडेल नावाचा खलाशी होता. नवीनच लग्न झालेलं. आश्विनात तो बायकोला, सगुणेला, तिच्या माहेराहून होडीने घेऊन येत होता. दोघांच्या पाठीला एकेक बोचकं. वाटेत वारा उलटला, डोलकाठी मोडली आणि होडी वाहत वाहत भेकरबेटाच्या खडकावर फुटली. दोघं जिवंत वर आली खरी, पण दोन दिवसांत घसे कोरडे पडले. लखूने खडकांच्या सांदी धुंडाळल्या. सगळीकडे खारं पाणी.

तिसऱ्या दिवशी सगुणेला एक भेकरी दिसली, मागे पाडस. भेकरं म्हणजे कुत्र्यासारखी भुंकणारी लहान हरणं. ती या बेटावर पूर्वीपासून आहेत. सगुणा उठली आणि त्या मायलेकरांच्या मागे रांगत, काट्यांतून, कातळावर चढली. वर जांभळाच्या मुळांत हाताच्या ओंजळीएवढा झरा होता. भेकरी प्यायली, बाजूला झाली आणि पळाली नाही. तिथेच उभी राहून सगुणेला पिताना बघत राहिली, असं सांगतात.

अकरा दिवस ती दोघं त्या झऱ्यावर जगली. बाराव्या दिवशी एका होडीने त्यांना पाहिलं आणि गावात आणलं.

पुढच्या चैत्रात धरणीकंप झाला. गावात दोन भिंती पडल्या, फार काही झालं नाही. पण त्यानंतर लखू जाळी टाकायला बेटाजवळून गेला, तेव्हा त्याला पुळणीच्या वाळूवर भेकरं दिसली. दिवसाढवळ्या, उघड्यावर, लाटेच्या काठाशी. समुद्राचं पाणी चाटत होती. तीन मरून पडली होती. तो वर जाऊन आला. कातळ सरकला होता आणि झरा खारा झाला होता.

घरी येऊन त्याने हे सगुणेला सांगितलं. ती जेवत होती, ताटावरून उठली.

बातमी गावभर झाली. हवालदाराने चावडीवर सांगितलं, "जनावरं एवीतेवी मरायचीच आहेत. उद्या चार होड्या काढा, भाले घ्या. गावाला आठ दिवस मटण पुरेल." उन्हाळा कडक होता, मासळी खोल गेली होती. लोकांना ते पटलं. त्यांचंही फार चुकलं असं बाबल म्हणत नाहीत. पोटं रिकामी होती.

सकाळी होड्या निघायच्या वेळी सगुणा धक्क्यावर आली. ओले केस, कडेवर भरलेली कळशी. ती आधी रवळनाथाला गाऱ्हाणं घालून आली होती. हवालदारासमोर उभी राहून ती म्हणाली, "तेंच्या पाण्यार आमी अकरा दिस जगलंव. झरो परत गोडो होयपर्यंत, नायतर मृग लागापर्यंत, मी तेंका पाणी न्हेतलंय. रोज. तिकडे पाणी पोचल्याशिवाय माझ्या घशाखाली थेंब उतराचो नाय."

लोक हसले. हवालदार हसला नाही. माणूस कडक होता, पण शब्दाला किंमत देणारा होता, असं म्हणतात. तो म्हणाला, "मृगाला सत्तेचाळीस दिवस आहेत. एक दिवस जरी खाडा झाला, तरी दुसऱ्या सकाळी होड्या सुटतील. कबूल?"

"कबूल."

गावात गोड्या पाण्याची विहीर एकच. उन्हाळ्यात दर घराला रोज चार कळश्या मिळत. सगुणेने जास्त मागितलं नाही. एका कळशीत घर भागवायचं आणि तीन बेटावर न्यायच्या, असं तिने ठरवलं. लखू त्या रात्री चिडला.

"आणि जाळी कोण मारतलो? खातलंव काय आमी?"

"तुमी न्हेलात तर बरा. नायतर मी एकटी जातलंय."

सकाळी ती धक्क्यावर पोचली, तेव्हा लखू होडीत वल्हं घेऊन बसलेला होता. येताना दोघं मिळून जाळं टाकत, मिळेल त्यावर भागवत.

वरच्या कातळात एक खळगा होता. त्यात सगुणा पाणी ओतायची. मग मागे सरून बसायची. पहिले दोन दिवस एकही भेकर आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक आलं, आठवड्याने दहा-बारा. ती पिऊन झाली की मगच सगुणा बरोबर आणलेल्या वाळक्या, पोकळ भोपळ्यातलं पाणी प्यायची. तो तिचा दिवसाचा पहिला घोट. उन्हं तोवर डोक्यावर आलेली असत.

असे तीस दिवस गेले. एकतिसाव्या दिवशी शिडाचा बांबू सुटून लखूच्या दंडावर पडला आणि हाड मोडलं. गावाला वाटलं, आता संपलं. दुसऱ्या दिवशी सगुणा एकटीच वल्हवत निघाली. आपल्यात बाईमाणूस होडी वल्हवत नसे. काही बायकांनी नावं ठेवली, काही दाराआडून बघत राहिल्या. तिच्या तळहाताची सालं निघाली. ती हाताला चिंध्या बांधून जात राहिली.

मृगाला चार दिवस उरले आणि समुद्र फिरला. पश्चिमेकडून काळं आलं. लाटा धक्क्यावरून आत येऊ लागल्या. गावाने सगळ्या होड्या ओढून माडाच्या बुंध्यांना बांधल्या. हवालदाराचे लोक भाले घासत चावडीवर बसले. आज खाडा होणार, वारा पडला की सकाळी निघायचं.

सगुणेने होडीची दोरी सोडली. हवालदार स्वतः खाली आला. "पोरी, त्रेचाळीस दिवस केलंस. पुष्कळ झालं. जीव देऊ नकोस."

"बोली सत्तेचाळीसची झाली हा," ती म्हणाली.

लखू गळ्यात बांधलेला हात तसाच ठेवून मागे सुकाणूला जाऊन बसला. तिने त्याला उतरायला सांगितलं. तो म्हणाला, "वल्हवक माका जमाचा नाय. पण दिशा धरूक येता." तिने तिन्ही कळश्यांच्या तोंडांवर केळीचं पान आणि वर फडकं आवळून बांधलं आणि होडी लोटली. धक्क्यावरच्या लोकांना ती दोघं दोन-तीनदा लाटेवर दिसली. मग पाऊस नसलेलं नुसतं धुकं मध्ये आलं आणि काही दिसेना.

होडी टिकली नाही. बेटाजवळच्या खडकावर ती मधोमध चिरली. दोन कळश्या गेल्या. तिसरी सगुणेने सोडली नाही. एका हाताने कळशीचा काठ, दुसऱ्याने लखूच्या कमरेचं धोतर. ती कशी पोहली, ते तिलाही पुढे सांगता आलं नाही म्हणे. पुळणीवर लाटेने फेकलं, तेव्हा तिचा गुडघा फुटला होता, पण फडकं सुटलं नव्हतं. रांगतच ती वर गेली आणि खळग्यात कळशी उपडी केली. पाणी गोडं होतं.

भोपळा होडीबरोबर गेला होता. प्यायला दुसरं काही नव्हतं. भेकरं राईतून बाहेर आली. लखू म्हणाला, "गे, पाणी पोचला. तुझो नेम पुरो झालो. आता तरी एक घोट घे."

"कळशी एकच हा. आधी तेंचा होऊंदे."

ती प्यायली नाही. तो दिवस गेला, वादळ ओसरलं, उजाडलं. गावाने मानलं होतं की दोघं बुडाली. पाणी पोचलंच नाही, म्हणजे खाडा झाला. चार होड्या भाल्यांसकट सुटल्या. हवालदार पहिल्या होडीत होता.

ते वर चढले, तेव्हा त्यांना दिसलं ते असं. लखू झाडाला टेकून बसलेला. सगुणा खळग्याच्या काठाशी, ओठ फाटून रक्त सुकलेलं. तिच्या भोवती भेकरं. माणसं पाहून ती भुंकली, पण पळाली नाहीत. सगुणेच्या पाठीमागे सरकून उभी राहिली. खळग्याच्या तळाशी दोन ओंजळी पाणी शिल्लक होतं आणि ती त्याची राखण करत बसली होती.

मग हवालदाराने भाला खाली ठेवला. कमरेचा पाण्याचा भोपळा सोडला. लोकांना वाटलं, तो तिला देणार. त्याने तो खळग्यात ओतला. म्हणाला, "खाडा झाला नाही." त्याच्यामागे एकेकाने आपापलं पिण्याचं पाणी तिथे ओतलं. सगळ्यांचं ओतून झाल्यावर सगुणेने वाकून त्याच पाण्याला तोंड लावलं. तिच्या शेजारी एक भेकरी पीत होती, असं सांगतात.

त्या उन्हाळ्याचे उरलेले दिवस गावाने पाणी नेलं. दिवाळीनंतर लखूचा हात सांधला, तेव्हा दोघांनी छिन्नी-हातोडा नेऊन खळगा रुंद करायला घेतला. गावातले पाथरवट मदतीला गेले. तीन वर्षं लागली. झरा काही परत गोडा झाला नाही.

बाबलांचं सांगून होईपर्यंत होडी बेटाला लागली होती. शार्दूलने कळशी खांद्यावर घेतली. चढ उभा होता. वर पोचेपर्यंत त्याचा सदरा घामाने भिजला. दोणीत ओल होती, पाणी बोटभर. केतकीने कळशी तिरपी धरली आणि मग आपल्या बाटल्याही त्यात रिकाम्या केल्या. चारची बस गेली होती.

उतरताना तिने विचारलं, "एखाद्या दिवशी कुणीच पर्यटक आले नाहीत तर?"

बाबल म्हणाले, "पर्यटक कालपरवा यायला लागले हो. त्याआधीपण भेकरं होतीच."

दोण पावसाने भरते आणि फाल्गुनापर्यंत पुरते. पुढे चैत्र ते मृग गावाची पाळी लागते, दर दिवशी एक घर. शहर वाढलं, घरांना नळ आले, पोरं मुंबईला आणि दुबईला गेली. पाळी मोडली नाही. मागे मोठं चक्रीवादळ आलं, बंदरावर लाल बावटा लागला, होड्यांना बंदी झाली. त्या दिवशी पाळी बाबलांच्या घराची होती. त्यांची सून वासंती दोन दिवस आधीच भेकरांसाठी भरलेल्या कळश्या आणि चार दिवसांचा शिधा घेऊन बेटावर जाऊन राहिली होती, वादळ उतरेपर्यंत. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

आजही चैत्र लागला की दांडेबंदरच्या धक्क्यावर पहाटे एक बाई कळशी घेऊन उभी असते. समुद्र कसा आहे, हे ती कुणाला विचारत नाही.