हिवतापमुक्त जंगल आणि संशयी साळू

डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या अलीकडच्या जंगलात एक साळू, म्हणजे काटेरी साळिंदर, राहत असे. संशय घेणे हा तिचा स्वभावच होता. आंबा आपोआप खाली पडला, तरी आधी वर कोण बसले आहे ते पाहून मगच ती त्याला तोंड लावी. त्यामुळे मुलांनो, तिला मैत्रिणी कमी होत्या आणि पोटदुखी त्याहून कमी होती.

या जंगलाला हिवतापाची पीडा होती. जागोजागी पाण्याची डबकी, डबक्यांवर डास आणि डास चावला की हुडहुडी. उपाय सर्वांना ठाऊक होते : डबकी बुजवायची आणि आजाऱ्याला कडू सालीचा रस पाजायचा. साल वाटण्याचे काम वानराकडे होते, डबकी बुजवण्याचे कोल्ह्याकडे. त्या कामासाठी वरच्या रानातला श्रीमंत हत्ती दरसाल फणस पाठवी. फणस संपत, डबकी उरत.

अखेर हत्तीच्याही हे लक्षात आले. त्याने सभा भरवून सांगितले, "यापुढे आगाऊ काही मिळणार नाही. पावसाळा सरला की मी स्वतः पाहायला येईन. ज्या जंगलात कोणी कुडकुडताना दिसणार नाही, त्याला भरपूर फणस. ओढ्यापलीकडच्या जंगलालाही हाच नियम. आधी निकाल, मग फणस!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोल्ह्याने सर्वांत जोरात डोलावली. साळूच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. आयते फणस बंद झाले आणि कोल्हा खूश?

"भाऊजी, डबकी कधी बुजवायला घेता?" तिने विचारले.

"वहिनी, तुमचं लक्ष कायम चिखलात!" कोल्हा हसला. "गजराजांनी डबक्यांचं नाव तरी काढलं का? त्यांना निकाल हवाय. निकाल देऊ की."

पावसाळ्यात डबकी तुडुंब भरली. साळूच्या नवऱ्याला हिवतापाने गाठले. हुडहुडी भरली की त्याच्या अंगावरचे काटे एकमेकांवर आपटत आणि बिळाबाहेरपर्यंत खुळखुळ ऐकू येई. अन्नपाणी सुटले, मान उचलवेना. साळू धावत वानराकडे गेली.

वानराने आधी चारी दिशांना पाहून घेतले. "साल? कशाला? जंगलात हिवताप नाही."

"मग आमच्या यांना काय झालंय?"

"ऋतुमानाची थंडी. कोल्हेभाऊंनी तसं ठरवलंय. मी साल वाटली, तर आजारी आहेत हे उघड होईल. माझ्या पोटावर कशाला पाय आणता, वहिनी?"

हत्ती येण्याच्या आदल्या दिवशी कोल्हा साळूच्या दारात हजर झाला. "उद्या सकाळी दादांना ओढ्यापलीकडच्या लव्हाळ्यात नेऊन बसवा. थंडी वाजणारे सगळेच निघालेत. तेवढाच हवापालट."

"आणि परवा गजराज पलीकडे गेले म्हणजे?"

"उद्या पलीकडचे आजारीही तिथेच असतील, परवा सगळेच अलीकडे येतील. तिकडचा कोल्हा माझा सख्खा मावसभाऊ आहे."

"म्हणजे दोन्ही जंगलांतले आजारी एकाच लव्हाळ्यात! भाऊजी, डासांना जेवणावळच घातलीत म्हणा की." साळूने दारात काटे फुलवले. "यांना उठवत नाही. हे कुठेही जाणार नाहीत."

कोल्ह्याचे हसू मावळले. "मग उद्या आतून आवाज यायला नको. सबंध जंगलाच्या तोंडचा घास आहे, लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी हत्ती नेहमीप्रमाणे उंच, कोरड्या वाटेने आला. एकही प्राणी कुडकुडत नव्हता. कोल्हा पुढे झाला. "महाराज, आमचं जंगल हिवतापमुक्त झालं!" एवढ्यात बिळातून आवाज आला, खुळखुळ, खुळखुळ.

"हे काय?" हत्तीने कान टवकारले.

"आपल्या स्वागताचं वाद्य, महाराज!"

हत्ती प्रसन्न झाला आणि त्या ठेक्यावर डोलूही लागला. थोरांना स्वागत खोटे आहे असा संशय सहसा येत नाही. खुळखुळ वाढू लागली तसा शेजारचा ससा साळूच्या कानाशी लागला. "वहिनी, गप्प बसवा की दादांना! लेकराबाळांचे फणस जातील."

साळूला ते पटत होते. तिलाही फणस आवडत. पण हिवताप नाही असे आज ठरले, तर साल कधीच मिळणार नाही आणि सालीवाचून नवरा वाचणार नाही. ती हत्तीपुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, हे वाद्य नाही, माझा नवरा आहे. त्याला हिवताप झालाय. बाकीचे आजारी पलीकडे लव्हाळ्यात बसवलेत. तुम्ही कोरड्या वाटेनं येता, म्हणून तुम्हाला कोरडंच दिसतं."

हत्तीचे डोलणे थांबले. तो ओढा ओलांडून गेला. लव्हाळ्यात दोन्ही जंगलांतले आजारी एकमेकांना टेकून कुडकुडत होते आणि आधी कोणाला चावावे अशा विवंचनेत डास घोंगावत होते. हत्ती परतला तेव्हा त्याचे पाय चिखलाने माखले होते आणि कानांमागे गांधी उठल्या होत्या.

"फणस कोणालाच नाहीत!" तो गरजला. मग जरा आवाज उतरवून त्याने साळूला विचारले, "मग द्यायचे तरी कोणाला?"

"जो आजाऱ्याला लपवणार नाही, त्याला साल पाजेल आणि डबकं बुजवेल, त्याला. आणि पाहायला डबक्यांच्या वाटेनं या."

"विचार करतो," हत्ती म्हणाला. मोठे लोक असेच म्हणतात.

जंगलाने साळूशी बोलणे टाकले. पण त्याच दिवशी वानर सालीची मोळी घेऊन दारात आला. "आता हिवताप जाहीर झाला ना, आता देता येते." कडू रसाने नवऱ्याची हुडहुडी हळूहळू थांबली, काटे शांत झाले. साळूने उरलेली साल जपून ठेवली आणि बिळाजवळचे डबके स्वतःच बुजवायला घेतले.

एके संध्याकाळी कोल्हा आला. शेपटी अंगाभोवती घट्ट गुंडाळलेली, दात एकमेकांवर आपटत होते.

"वहिनी, थोडी साल मिळेल का? सहज आपली, चवीला."

साळूने त्याला नखशिखांत न्याहाळले. "आधी आजाराचं नाव सांगा, भाऊजी."

कोल्ह्याने इकडेतिकडे पाहिले आणि पुटपुटला, "हिवताप."

"मोठ्यानं. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ द्या."

"हिवताप! मला हिवताप झालाय!" कोल्हा ओरडला.

साळूने सालीचा तुकडा त्याच्यापुढे टाकला.

तात्पर्य : रोग दिसला नाही की बक्षीस मिळू लागले, म्हणजे रोग जात नाही, तो फक्त दिसेनासा होतो.