घोलपांचा लाल पटका

शहराच्या पूर्वेला हवाई दलाचा तळ आणि पश्चिमेला दोन कोसांवर ही घारटेकडी. सकाळी वर बघा. पन्नास-साठ घारी एका जागी फिरताना दिसतील. तळाच्या बाजूला एकही नाही. त्यांना ही शिस्त कुणी लावली, ते जुनी माणसं सांगतात.

तेव्हा तळ नवा होता आणि मटणबाजार त्याच्या कुंपणाला लागून होता. बाजारात येसाजी घोलपांचा शब्द चालायचा. साठीचा माणूस, डोक्याला लाल पटका. घराण्याची रीत अशी, की पहिल्या बोकडाचा पहिला वाटा घारींचा, मग गिऱ्हाइकाचा. येसाजी दुकानापुढे उभे राहून घास वर उडवायचे आणि घारी तो हवेतच झेलायच्या.

तळावरचे साहेब दोनदा सांगून गेले, "घोलप, घारी विमानाला आपटतात. हे थांबवा."

"घारी माझ्या पणजोबाच्या काळापासून इथं आहेत," येसाजी म्हणाले. "तुमची विमानं काल आली. त्यांनाच सांगा जरा बाजूनं जायला."

सगळा बाजार हसला.

दोन दिवसांनी त्यांनी घास उडवला, घारी झेपावल्या आणि नेमकं तेव्हाच विमान उठलं. एक घार इंजिनात गेली. स्फोटासारखा आवाज झाला, काळा धूर निघाला. खाली भरली पेठ. वैमानिकाला उडी टाकता आली असती, म्हणे. त्यानं टाकली नाही. डगमगतं विमान घरांवरून पुढं नेलं आणि आटलेल्या तळ्याच्या गाळात पोटावर उतरवलं.

मांडीभर चिखल तुडवत येसाजी सगळ्यांच्या आधी पोचले. वैमानिकाचं कपाळ फुटलं होतं. येसाजींनी पटका सोडून त्याला बांधला.

"बाबा, खाली कुणाला लागलं नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही रे," येसाजी म्हणाले.

साहेबांकडे ते आपणहून गेले. "चूक माझी. रीत मोडणार नाही, पण जागा बदलतो. घारी टेकडीवर जेवल्याशिवाय मी जेवणार नाही."

साहेबांनी पाच दिवस दिले. तोवर विमानं बंद. सहाव्या दिवशी घारी बाजारावर दिसल्या, तर बाजार उठणार.

येसाजी रोज उजाडता टेकडी चढत आणि घास उडवत. घास मातीत पडे. घारी दुकानावरच घिरट्या घालत. चौथ्या दिवशी त्यांची बायको कृष्णाबाई चिडल्या. "अहो, तुमची शपथ घारींना कुणी कळवली का?"

"तू खाली जा," येसाजी म्हणाले. चार दिवसांच्या उपाशी पोटी त्यांनी पुढचा घास उडवला.

पाचव्या सकाळी कपाळाला पट्टी बांधलेला तो वैमानिक टेकडी चढून आला. हातात धुतलेला पटका. "बाबा, तुमची वस्तू."

येसाजींनी पटका बांधला. घास उडवला. लांब दुकानावरची एक घार वळली. मग दुसरी. मग सगळ्या. अन्नाला ओळखणाऱ्या नव्हत्याच त्या. पटक्याला ओळखत होत्या.

येसाजी मटकन खाली बसले. कृष्णाबाईंनी भाकरी पुढं केली. "जेवा आता. त्या जेवल्या."

बाजार राहिला. आजही घोलपांच्या घरातला वडीलधारा पटका बांधून टेकडीवर घास उडवतो, मग दुकानात येतो. पण विक्रीला सुरा उचलत नाही. गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन मुकाट उभी असतात. पहिलं विमान उठतं, शहरावरून फिरतं, चाकं टेकवतं.

"उतरलं," घोलप म्हणतो आणि सुरा उचलतो.