निवारण घरामीची हाक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर काजळमती नदी तेव्हा जिथून वाहायची तिथे आज लोकांची तागाची शेतं आहेत, आणि तेव्हा जिथे शेतं होती तिथे आज मगरी ऊन खात पडतात. बंगालच्या त्या सखल मुलखात नदीला एक जागा म्हणून ठाऊक नाही. ती एका काठाची जमीन खाते, दुसरीकडे गाळ टाकून नवं बेट उभं करते. त्या बेटाला तिकडे चर म्हणतात. काठ बुडाला की माणसं चरावर जातात, चर बुडाला की पुन्हा काठावर येतात. म्हणून तिथे घर बांधायचं तेच उचलायच्या बेताने. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर गवताचं छप्पर. भिंती गुंडाळायच्या, छप्पर अख्खंच्या अख्खं गावाने खांद्यावर घ्यायचं, की निघालं घर.

हे काम करणाऱ्याला घरामी म्हणतात. घरामी पुष्कळ होऊन गेले, पण बकुलचर गावच्या निवारणची सर कुणालाच आली नाही.

निवारणच्या पायाला भिंगरी होती. जेवायला बसला तर पहिला घास पाटावर आणि दुसरा अंगणात. त्याचं लग्न झालं नाही, कारण मुलीचा बाप बघायला येईपर्यंत हा तिसऱ्या गावात कुणाच्या तरी छपरावर चढलेला असे. स्वतःचं घर त्याने कधी बांधलंच नाही. ज्याचं घर शाकारत असेल त्याच्याच छपरावर आडवा व्हायचा, आणि सकाळी घरवाल्याला वरून विचारायचा, आज भाजी काय. नदी कुठे खचणार ते त्याच्या तळव्यांना आधी कळायचं, असं म्हणतात. तळवे खाजायला लागले की तो त्या काठावर उड्या मारत फिरायचा, आणि बायका न विचारता भांडी बांधायला घ्यायच्या.

पण घर उचलायचा एक रिवाज होता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. आठवड्याचा हाट भरला की तिथे ढोल वाजवून सांगायचं, अमक्याचं घर अमक्या घाटावरून उठतंय, तमक्या ठिकाणी जातंय. कारण गावचे निम्मे पुरुष सदा नदीवर. कुणी ताग घेऊन गेलेला, कुणी हिलसा माशाच्या मागे. महिन्यांनी परत यावं तर घराच्या जागी पाणी. मग हाटातलं ऐकलेला कुणीतरी नावाडी वाटेत भेटून सांगायचा, अरे, तुझी बायको आता बाभळीच्या चरावर राहते. तेवढ्यावर संसार चालायचे.

त्या गावात मोक्षदा नावाची विधवा कुंभारीण होती. तिकडे आत्याला पिशी म्हणतात, आणि ती सगळ्या गावाची पिशी होती. तिचा एकुलता एक मुलगा हाबुल मडक्यांची नाव भरून खालच्या मुलखात गेला होता. तिकडे मडकं विकायची रीत अशी की मडक्यात मावेल तेवढं भात द्यायचं आणि मडकं घ्यायचं. जाताना मायलेकांचं भांडण झालं. आई म्हणाली होती, तुझी मडकी वाकडी, त्यात भात कमीच मावणार. पोरगा म्हणाला होता, हीच वाकडी मडकी खपवीन तेव्हाच तोंड दाखवीन. त्याला दोन हिवाळे उलटले होते.

तिसऱ्या हिवाळ्यात निवारणचे तळवे असे खाजले की तो ताटावरून उठला तो थेट मोक्षदाच्या अंगणात. काठाला भेग पडली होती. बाकीचं गाव महिन्यापूर्वीच आत सरकलं होतं. एकटी मोक्षदा हलायला तयार नव्हती.

"पिशी, भेग गोठ्यापर्यंत आली."

"येऊ दे. गोठ्यात गाय नाही."

"गोठ्यापुढे घर आहे, पिशी."

"मग घरापर्यंत आली की सांग."

निवारण तिच्याभोवती नुसता येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी मोक्षदानेच त्याला सांगितलं की हाबुल उतरेल तो याच पिंपळघाटावर. घर दिसलं नाही तर तो कुणाला विचारायला थांबायचा नाही. तो माझ्यावरच गेलाय, म्हणाली, वळेल आणि जाईल. आणि हाटात माझ्या नावाने ढोल वाजलाच, तर मी उंबऱ्यात आडवी पडेन, माझ्यावर पाय देऊन छप्पर न्या.

आता काय करावं? दिवसागणिक भेग रुंद होत होती. निवारणला ना झोप, ना अन्न. अखेर त्याने ठरवलं, ढोल वाजवायचाच नाही.

पौष संक्रांतीची सकाळ होती. धुकं इतकं दाट की बदकं एकमेकांवर आपटत होती. मोक्षदा दार लावून आत खजुराच्या गुळाचे पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड उंडे, उकडत होती. निवारणने सगळा गाव गोळा केला. एरवी घर उचलताना गाणं म्हणतात, त्या दिवशी लोकांनी नुसते श्वास तालात घेतले. भिंतींसकट, चुलीसकट, चुलीखालच्या मातीसकट घर उचललं, आणि आत बसलेल्या मोक्षदाला पत्ता लागला नाही, असं म्हणतात. तुम्ही हसाल. पण कासेम नावाड्याचा उजवा खांदा त्या घराखाली होता, आणि तो मरेपर्यंत शपथेवर सांगायचा की चुलीवरच्या एकाही पिठ्याला तडा गेला नाही.

घर ताडांच्या रांगेमागे टेकलं. थोड्या वेळाने मोक्षदाने दार उघडून खरकटं पाणी फेकलं. रोज नदीत पडणारं पाणी त्या दिवशी ताडाच्या बुंध्यावर आपटलं. ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात लांब धुक्यात मोठा आवाज झाला. पिंपळ, घाट आणि घराची जुनी जागा, सगळं एकदम काजळमतीत गेलं होतं.

लोकांना वाटलं, आता म्हातारी निवारणच्या डोक्यावर हात ठेवील. मोक्षदाने एवढंच विचारलं, "ढोल वाजवला होतास?"

"नाही, पिशी."

"घर वाचवलंस माझं," मोक्षदा म्हणाली, "आणि मुलगा बुडवलास. पिंपळघाट म्हणून विचारत तो येईल आणि पिंपळघाटच नाही. माझं घर कुठे गेलं हे आता कोण सांगणार त्याला?"

"मी सांगतो, पिशी."

"सांग. प्रत्येक नावेला सांग. त्याला सापडेपर्यंत मला तोंड दाखवू नकोस."

एवढ्या रागातही तिने गरम पिठे त्याच्या गमछ्यात बांधून दिले. पहिला पिठा त्याने चालतच खाल्ला.

कासेमने त्याला नावेत घेतलं, आणि नावाड्यांना तारणारा बदर पीर आणि गंगामाई दोघांचं नाव घेऊन नाव सोडली. पहिली नाव दिसताच निवारण उभा राहून ओरडला, "नाववाले हो, मोक्षदा कुंभारणीचं घर पिंपळघाटावरून उठलं, ताडांच्या मागे गेलं. हाबुल भेटला तर सांगा." दुसऱ्या नावेला तेच, तिसऱ्या नावेला तेच. कासेमची नाव त्याला सावकाश वाटायला लागली तेव्हा तो उडी मारून तागाच्या नावेत गेला, तिथून मिठाच्या. नावा संपल्या तेव्हा केळीच्या खोडांवर बसून निघाला. मग तेही लागेनासं झालं, हाक मारता मारता तो पाण्यावरून चालायचा, असं म्हणतात. आणि ते खरंच असणार. कारण बुडायला माणसाला आधी एका जागी थांबावं लागतं.

ती हाक नावेनावेतून खाली गेली. कोळ्यांनी ती मासळीबरोबर विकली, फकिरांनी भिक्षेबरोबर वाटली. जिथे पाणी खारट होतं तिथल्या माणसांनी मोक्षदाला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचं घर कुठे आहे ते त्यांना तोंडपाठ झालं.

इकडे पंचाईत अशी की काजळमती काही थांबली नाही. ताडांची रांगही तिने खाल्ली. मोक्षदाचं घर पुन्हा उठलं, मग पुन्हा. आता मात्र मोक्षदा स्वतः हाटात उभी राहून ढोल बडवून घ्यायची, आणि ताजी बातमी शिळ्या बातमीच्या मागे पळायची.

हाबुल होता दूरच्या एका बंदरगावात. मडकी कधीच फुटली होती, आणि रिकाम्या हाताने घरी जायची लाज वाटून तो तिथेच हमाली करत होता. एक दिवस बाजारात पिंजऱ्यातली मैना त्याच्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, "मोक्षदाचं घर ताडांच्या मागे गेलं." हाबुलने डोक्यावरचं पोतं तिथेच टाकलं आणि पहिल्या नावेत चढला. ताडांच्या जागी पाणी दिसलं, पण तो वळला नाही. कारण काठावरून कुणीतरी ओरडलं, तिथे नाही रे, बाभळीच्या चरावर. तिथून कुणी ओरडलं, पुढे ये, शेवरीखाली.

तो अंगणात उभा राहिला तेव्हा मोक्षदा माती मळत होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मातीच्या हातांनी त्याचं तोंड चाचपलं आणि मग त्याच्या मागे बघत विचारलं, "निवारण कुठाय?"

हाबुलला काहीच ठाऊक नव्हतं. तो नदीच्या एका फाट्याने वर आला होता, निवारण कुठल्या फाट्याने खाली गेला होता देव जाणे. साऱ्या नदीला दुसऱ्याच्या घराचा पत्ता सांगत फिरणाऱ्या माणसाचा स्वतःचा पत्ताच नव्हता. त्याला निरोप पाठवायचा तरी कुठे?

त्याच दिवशी मोक्षदा घाटावर गेली आणि जाणाऱ्या प्रत्येक नावेला तिने निवारणसाठी निरोप दिला. ती वारल्यावर हाबुल देत राहिला, मग त्याची मुलं.

आजही त्या मुलखात घर उठतं तेव्हा हाटात ढोल वाजतो, कुणाचं घर कुठे चाललं ते सांगतात, आणि ढोल थांबवण्याआधी निवारणसाठीचा निरोप सांगतात. हिंदू असो, मुसलमान असो, ज्याचं घर त्याने सांगायचा. आणि पौष संक्रांतीच्या धुक्यात जी नाव सगळ्यांत आधी सुटते तिचा नावाडी भर प्रवाहात वल्ही वर उचलतो. अशा वेळी बुडालेल्या पिंपळघाटाचं नाव घेत कुणीतरी लांबून हाक मारत जातं, असं म्हणतात. नावाडी तोंडाभोवती हात धरतो आणि पाण्यावर ओरडतो:

"निवारणदा, हाबुल घरी आला. आता टेक जरा कुठेतरी."

मग थोडा वेळ कुणी वल्हं पाण्यात घालत नाही. नाव आपली वाहत राहते.