पाठमोरी ठकू

आरणीपाशी बसलेल्या सुनेने मागे वळून पाहायचे नाही. धामणटेकच्या पोखरकरांच्या घरातला हा नियम हर्षदाने नीट बोलता येण्याआधीच ऐकला होता. का, असे विचारायचे नाही, हा त्याच नियमाचा दुसरा भाग.

गावाच्या वरच्या अंगाला, पठार संपून डोंगर चढू लागतो तिथे, आंब्याचे एक जुने झाड आहे. त्याच्या सावलीत पोखरकरांची आरण लागते. आरण म्हणजे बियाण्याचे बटाटे उन्हाळाभर राखायची जागा: उथळ खड्डा, तळाशी कडुनिंबाचा पाला, त्यावर बटाट्यांची रास आणि वरून गवताची जाड शाकारणी. या आरणीच्या तोंडाशी कमरेएवढा एक काळा दगड आहे. मागून पाहिले तर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली बाई वाटते. डोक्यावरचा पदरसुद्धा ओळखू येतो. पुढे जाऊन पाहिले तर चेहरा नाही. नुसता सपाट खडक. त्या दगडाला ठकू म्हणतात.

त्या वर्षी फाल्गुनात आरण लागली तेव्हा पाहुणे आले होते. वेफर्स बनवणाऱ्या एका कंपनीचे साहेब, त्यांच्याबरोबर एक बाई आणि गाडीचा ड्रायव्हर. साऱ्या पठाराचा माल पोखरकरांच्या मार्फत घ्यायचा, असे जवळजवळ ठरले होते. म्हणून हर्षदाचे चुलत आजोबा, महादूतात्या, स्वतः कडक इस्त्रीचे धोतर नेसून डोंगराशी आले होते. गोष्ट सांगायचा मान त्यांचा.

दगडाशेजारी हर्षदाची वहिनी सारिका बसली होती, दगडासारखीच, आरणीकडे तोंड करून. तिच्या पाठीमागे आंब्याच्या फांदीला झोळी बांधली होती आणि झोळीत तिची आठ महिन्यांची स्वरा होती. पोरीला सकाळपासून कणकण होती. दिवस मावळेपर्यंत सारिकाने उठायचे नव्हते, खायचे नव्हते, वळायचे नव्हते. आणि झोळीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नव्हता.

"फार मागची गोष्ट," तात्यांनी सुरुवात केली. "तेव्हा या पठारावर नाचणी आणि वरईखेरीज काही पिकत नव्हतं. आमचा मूळपुरुष सखोजी. तो खाली एका गोऱ्या साहेबाच्या बागेत माळीकाम करायचा. तिथून त्यानं उपरण्यात बांधून बटाटे आणले म्हणे. गावानं लई हसून घेतलं. मातीतला गोळा खातोय, उद्या दगड शिजवून खाईल!"

ड्रायव्हर हसला. साहेबांनी मान डोलावली.

सखोजीने डोंगराच्या पायथ्याशी एक पट्टी लावली. पहिल्या साली मूठ-पसा आले, दुसऱ्या साली टोपलीभर. त्यातले एकही त्याने घरात शिजू दिले नाही, असे सांगतात. सगळे बियाण्याला. तिसऱ्या साली आकाश कोरडे राहिले. विहिरी आटल्या, वरईचे कोठार रिकामे झाले, लोक करवंदीची मुळे उकळून प्यायले. साऱ्या पठारावर खाण्याजोगी एकच रास उरली होती, ती सखोजीच्या आरणीत.

आरण एकदा मिटली की पेरणीपर्यंत उघडायची नाही, हे सखोजी साहेबाच्या बागेत शिकला होता. गरम वारा आत शिरला तर एक बटाटा नासतो आणि त्याच्यामागे रास नासते. म्हणून त्याने धाकट्या सुनेला राखणीला बसवले. तिचे नाव ठकू. अंगावर पिणारे लेकरू होते, पण दूध आटले होते. लेकरू झोळीत घालून तिने फांदीला बांधले आणि आरणीच्या तोंडाशी बसली. सासऱ्याने बजावले, काही झाले तरी मागे पाहू नको. पाहिलेस तर उठशील, उठलीस तर आरण उघडशील, आणि उघडलीस तर हे घर संपले.

"लेकरू रडलं म्हणे," तात्यांनी आवाज खाली आणला. "सकाळी रडलं, दुपारी रडलं. ठकू हलली नाही. मग ऊन उतरलं, आणि झोळी गप झाली. तरी ती वळली नाही."

 तेवढ्यात स्वरा कुरकुरली आणि कंपनीच्या बाईंनी झोळीकडे पाहिले.

सखोजी दिवस मावळल्यावर सुनेला न्यायला आला, असे सांगतात. त्याने हाक मारली, उत्तर नाही. खांद्यावर हात ठेवला, तर हाताला गार दगड लागला. ठकू नव्हतीच. पाऊस आला तेव्हा आरण उघडली, तर एकही बटाटा नासला नव्हता. त्या बियाण्याने पट्टी भरली, उरलेले गावात वाटले, आणि पठार जगले.

"एक लेकरू घेतलं मातीनं, आणि घरटी भाकर दिली," तात्या म्हणाले. "तेव्हापास्नं दरसाल आमच्या घरची धाकटी सून इथं बसते. सखोजीच्या नातवानं अख्खा डोंगर घेतला. त्याच्या पोरानं बैलगाड्या जुंपून पुण्याच्या मंडईत माल नेला. माझ्या वडलांनी पहिला ट्रक आणला, माझ्या भावानं कोल्ड स्टोरेज बांधलं. प्रत्येक वेळी कुणी ना कुणी सून बसलीच होती. अंगावरचं पोर नसलं तर झोळीत नारळ ठेवतो. पण यंदा खरं लेकरू आहे. यंदाचं काम मोठं होणार."

साहेबांनी आरणीभोवती एक फेरी मारली आणि सहज विचारले, "पण तात्या, बियाणं तर तुम्ही पंजाबातून आणता ना आता?"

"आणतो की. ट्रकनं येतं."

"मग आत काय आहे?"

"एक पाटी बटाटे. मानाची." तात्यांना त्यात वावगे काहीच दिसले नाही. "बाकी गवत."

हर्षदाच्या डोक्यात तिडीक गेली. ती पुण्याला शेतकी महाविद्यालयात शिकत होती. आरण किती दिवस टिकते आणि बटाटा कशाने नासतो, हे तिला पाठ होते. पण तिला राग आला तो गवताचा. एवढी वर्षे बायका लेकरांकडे पाठ करून बसल्या, आणि आत गवत! तिने आईकडे पाहिले. आई आरणीच्या दिवशी कुणाशीच बोलत नसे. हर्षदाचा भाऊ नीलेश, स्वराचा बाप, याच झोळीत रडला होता, एवढे हर्षदाला ठाऊक होते. आईने ते कधी सांगितले नव्हते. मोठ्या आत्यांनी सांगितले होते, तेही कौतुकाने.

स्वरा आता मोठ्याने रडू लागली. खोकून खोकून रडत होती. सारिकाची पाठ ताठ होती, पण पदराखालचे खांदे हलत होते. तिच्या ब्लाऊजवर ओला डाग पसरत चालला होता. ठकूला दूध नव्हते. सारिकाला होते.

"तात्या, पोरीला ताप आहे," हर्षदा म्हणाली.

"ठकू सांभाळते आजच्या दिवशी. आजवर कुणाला काही झालं नाही."

"ठकूच्या लेकराला झालं."

"हर्षे!" नीलेशने दटावले. तो झोळीपासून चार पावलांवर उभा होता आणि झोळीकडे बघत नव्हता. "पाहुण्यांसमोर तमाशा नको."

"मग पाहुण्यांना आणलंस कशाला? ताप दाखवायला?"

"शिकवलं ते चुकलंच," मोठ्या आत्या म्हणाल्या. "चार बुकं वाचली की देव खोटा वाटतो."

"मला ठकू खोटी वाटत नाही, आत्या. मला ती खरीच वाटते." हर्षदाचा आवाज चढला होता, मग आपोआप खाली आला. "तात्या, गोष्टीतलं एक विचारू?"

तात्या पाहुण्यांकडे बघून हसले. "विचार की. तुझीच गोष्ट आहे ती."

"त्या लेकराचं नाव काय होतं?"

तात्यांनी तोंड उघडले. सखोजीचे नाव त्यांनी सांगितले होते. त्याच्या नातवाचे नाव, पणतूच्या बैलांचीसुद्धा नावे त्यांना येत होती. ती ते लग्नाकार्यात सांगत. त्यांनी मोठ्या आत्यांकडे पाहिले.

"मुलगा होता," आत्या म्हणाल्या.

"मुलगी होती म्हणायची आमची आजी," तात्या पुटपुटले.

"नाव, तात्या."

झोळीतून खोकल्याची उबळ आली. 

हर्षदा फांदीकडे गेली. नीलेशने तिचा दंड धरला, पण त्या पकडीत जोर नव्हता. तिने झोळीत हात घालून स्वराला उचलले. पोर भाजत होती. आत्या ओरडल्या की घर बुडेल, माल नासेल, ठकूचा कोप होईल. हर्षदा पोरीला घेऊन वहिनीच्या पाठीशी उभी राहिली, समोर गेली नाही.

"वहिनी, हिचं नाव स्वरा आहे. वळ."

सारिका लगेच वळली नाही. तिने आधी ठकूच्या दगडावर हात ठेवला, जसा शेजारी बसलेल्या बाईच्या पाठीवर ठेवतात. मग ती वळली, आणि तिने पोरीला छातीशी घेतले. हर्षदाची आई इतका वेळ खाली मान घालून उभी होती. ती पुढे आली आणि पाहुण्यांच्या व सारिकाच्या मधे पदर धरून उभी राहिली.

"पुढच्या वर्षी इथं कुणी बसणार नाही," हर्षदा म्हणाली. "नारळसुद्धा नाही. मी बसू देणार नाही."

तात्या, आत्या, नीलेश, झाडाखाली जमलेले सगळे भाऊबंद तिच्याकडे पाहत राहिले.  स्वराच्या पिण्याचा आवाज तेवढा येत होता.

आजही धामणटेकच्या डोंगराशी ठकू पाठमोरीच बसलेली आहे. तिच्यापुढचा खड्डा दर पावसात थोडा थोडा बुजतो, आणि झोळीच्या दोराने फांदीला पडलेला वळ अजून दिसतो. कुणी पाहुणे आले तर महादूतात्या आजही त्यांना तिथे नेतात. सखोजी सांगतात, साहेबाची बाग सांगतात, कोरडे साल सांगतात. ठकूने फांदीला झोळी बांधली, इथपर्यंत येतात, आणि गप्प होतात.